क्यूपीएसके, एमएसके, क्वॅम आणि त्यांचं डिटेक्शन: सोलापूरच्या पोरापोरींनी सारखे विचारलेले प्रश्न

सबमिशन जवळ आलं की फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, बहुतेक ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम) थर्ड इयर आणि फायनलच्या मुलामुलींचे, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. विषय डिजिटल मॉड्युलेशनचा, म्हणजे कॅरियर लाटेत बदल करून तिच्यावर बिट पाठवायचे: फेज बदलली की पीएसके, फ्रिक्वेन्सी बदलली की एफएसके, फेज आणि ॲम्प्लिट्यूड दोन्ही बदलले की क्वॅम. रिसिव्हरनं ते बिट परत ओळखायचे ते डिटेक्शन. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दात ठेवलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, जिथं संबंध आहे तिथं नंबर दिलाय, तिकडं जाऊन बघा.

१. सर, बँडविड्थ एफिशियन्ट म्हणजे एक्झॅक्टली काय? जास्त स्पीड म्हणजेच एफिशियन्ट का?

नाही. स्पीड वेगळा, एफिशियन्सी वेगळी. एक हर्ट्झ जागेतून सेकंदाला किती बिट जातात ते बघायचं, बस. जुन्या जीएसएमचंच घ्या, त्यात २०० किलोहर्ट्झच्या चॅनेलमधून २७०.८३३ किलोबिट प्रति सेकंद जातात, भागाकार केला की साधारण १.३५ येतो. हे झालं जागेचं. दुसरा हिशोब पॉवरचा: एक बिट नीट पोचवायला नॉइजच्या मानानं किती एनर्जी घालावी लागते, त्याला ईबी बाय एन नॉट म्हणतात. आणि तिसरा हिशोब हार्डवेअरचा, म्हणजे ॲम्प्लिफायर कसला लागणार आणि रिसिव्हर किती किचकट होणार. हे तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय तुलना होतच नाही, आणि ओरलला ‘बेस्ट टेक्निक कुठलं’ असं विचारलं तर आधी उलटं विचारा की कमी काय आहे, जागा का बॅटरी का पैसा.

२. आय आणि क्यू हे दोन एकाच फ्रिक्वेन्सीवर कसे जातात? एकमेकांत मिसळत नाहीत का?

चादरीचा माग बघितलाय ना कोणीतरी घरात किंवा शेजारी? उभा ताणा, आडवा बाणा, कापड एकच पण दोन्ही धाग्यांचे रंग वेगवेगळे ठेवता येतात. तसं एक कॅरियर कोसाइन (आय), दुसरा त्याच फ्रिक्वेन्सीचा साइन (क्यू), दोघांत ९० अंशाचा फरक. रिसिव्हरमध्ये कोसाइननं गुणून एका सिम्बॉलभर (सिम्बॉल म्हणजे एका वेळी पाठवलेला सिग्नलचा तुकडा, त्यात एक किंवा जास्त बिट) बेरीज म्हणजे इंटिग्रेशन केलं की साइनवाला भाग शून्य होतो, उलटं केलं की कोसाइनवाला शून्य होतो. दोघं ऑर्थोगोनल आहेत म्हणून. पण रिसिव्हरचा स्वतःचा कॅरियर थोडा जरी वाकडा झाला तर आयमधलं क्यूमध्ये गळायला लागतं, आणि पुढची अर्धी डोकेदुखी (प्र. १० आणि १३) तिथूनच येते.

३. बीपीएसकेपेक्षा क्यूपीएसकेमध्ये डबल बिट जातात आणि बीईआर (बिट एरर रेट) तेवढाच राहतो म्हणतात, हे फुकट कसं काय मिळतंय?

बरोबर शंका आहे, पण खरंच मिळतं. बीपीएसकेमध्ये फेज ० किंवा १८० अंश अशी दोनच, म्हणजे सिम्बॉलला एक बिट. क्यूपीएसके म्हणजे ९० अंशावर ठेवलेले दोन वेगळे बीपीएसके. एकूण पॉवर दोघांत अर्धी अर्धी वाटली जाते, पण बिट रेट तोच ठेवला तर प्रत्येक सिम्बॉल दुप्पट वेळ टिकतो, म्हणून बिटमागची एनर्जी तेवढीच राहते. एक लाखात १ चूक (म्हणजे दहाचा उणे पाचवा घात) हवी असेल तर दोघांनाही साधारण ९.६ डीबी लागतात. फक्त सिम्बॉल एरर आणि बिट एरर यात गोंधळ करू नका, क्यूपीएसकेचा सिम्बॉल एरर बीपीएसकेच्या जवळजवळ दुप्पट असतो कारण दोनपैकी कुठलाही बिट चुकला की सिम्बॉल चुकला.

४. एका पुस्तकात बीपीएसकेची एफिशियन्सी ०.५ दिलीय, दुसऱ्यात १. खरं कुठलं लिहू?

दोन्ही खरे आहेत, बँडविड्थ मोजायची पट्टी वेगळी आहे. चौकोनी पल्स धरून नल टू नल (स्पेक्ट्रमच्या मुख्य लोबच्या दोन्ही बाजूंच्या शून्यांमधलं अंतर) मोजलं तर बीपीएसके बिट रेटच्या दुप्पट जागा खातो, म्हणून ०.५. आदर्श नायक्विस्ट पल्स धरला तर १. प्रत्यक्षात रेज्ड कोसाइन फिल्टर असतो, तेव्हा बँडविड्थ म्हणजे सिम्बॉल रेट गुणिले (एक अधिक अल्फा), अल्फा म्हणजे फिल्टरचा रोलऑफ, कडेला तो किती पसरट उतरतो ते. डीव्हीबी-एसमध्ये (सॅटेलाइट टीव्हीचं स्टँडर्ड) अल्फा ०.३५ आहे, म्हणून तिथं क्यूपीएसकेचे २ कमी होऊन १.४८ होतात. तिसरी पट्टी ९९ टक्के पॉवर कितीमध्ये मावते ही, आणि तिच्यात चौकोनी पल्सचा क्यूपीएसके अगदीच वाईट दिसतो, बिट रेटच्या १० पट जागा लागते कारण त्याची शेपटी लांबच लांब पसरलेली असते. उत्तरात कुठली पट्टी धरली ते एका ओळीत लिहा, मग कोणी मार्क कापू शकत नाही.

५. मग ८ पीएसके, १६ पीएसके, ३२ पीएसके असं वाढवतच का नाही जात? क्वॅम कशाला आणला मध्येच?

सात रस्त्याला चौकाच्या मधोमध उभं राहा आणि रिक्षा कुठल्या रस्त्यानं आली ते सांगा, सहज सांगता येतं. आता विचार करा तिथं १६ रस्ते असते, आणि वरून संध्याकाळची धूळ. पीएसकेमध्ये सगळे पॉइंट (आय-क्यूच्या आलेखावर प्रत्येक सिम्बॉलची जागा) एकाच वर्तुळावर बसवायचे असतात, संख्या वाढली की शेजारी शेजारी येतात आणि थोड्या नॉइजनं पण चुकीच्या घरात जातात. वर्तुळाच्या आतली जागा मात्र रिकामीच. क्वॅम ती आतली जागा पण वापरतो, चौकोनी जाळीत पॉइंट मांडतो. वरच्याच एरर रेटला ८ पीएसकेला साधारण १३ डीबी, १६ पीएसकेला १७.४ आणि १६ क्वॅमला १३.४ डीबी लागतात. म्हणजे सारखीच जागा, सारखेच ४ बिट, आणि ४ डीबी वाचले! ४ डीबी म्हणजे अडीच पट पॉवर आहे, छोटी गोष्ट नाही.

किंमत अशी की क्वॅमचा ॲम्प्लिट्यूड वरखाली होतो. १६ क्वॅममध्ये कोपऱ्यातल्या पॉइंटची पॉवर सरासरीच्या १.८ पट, म्हणजे २.५५ डीबी जास्त, ६४ क्वॅममध्ये ३.७ डीबी, आणि फिल्टरमुळं अजून वाढते. ॲम्प्लिफायर लिनियर ठेवावा लागतो, तो गरम होतो, करंट खातो. वायफाय ६ मध्ये १०२४ क्वॅम आहे, वायफाय ७ मध्ये ४०९६, पण ते राउटरच्या जवळ बसल्यावरच मिळतं, दोन भिंती मध्ये आल्या की आपोआप खाली उतरतं.

६. ओक्यूपीएसके आणि पाय बाय फोर डीक्यूपीएसके हे कशासाठी काढले? क्यूपीएसकेमध्ये काय वाईट होतं?

क्यूपीएसकेमध्ये दोन्ही बिट एकदम बदलले की फेज १८० अंश उडते, आणि फिल्टर केलेला सिग्नल तेव्हा शून्यातून जातो. असा सिग्नल स्वस्तातल्या सॅच्युरेटेड ॲम्प्लिफायरमध्ये घातला की फिल्टरनं कापलेले साइडलोब (स्पेक्ट्रममध्ये मुख्य लोबच्या बाजूच्या टेकड्या) परत उगवतात, म्हणजे जागा वाचवायला केलेली सगळी मेहनत पाण्यात. ओक्यूपीएसकेमध्ये क्यूचा प्रवाह अर्धा सिम्बॉल उशिरा सोडतात, त्यामुळं दोन्ही एकाच क्षणी बदलतच नाहीत आणि उडी जास्तीत जास्त ९० अंशाची राहते. पाय बाय फोरवाल्यात उडी १३५ अंशापर्यंत जाते, म्हणजे त्या बाबतीत तो मधला आहे, पण त्याला डिफरन्शियल डिटेक्शन चालतं (प्र. ११), ओक्यूपीएसकेला ते नीट जमत नाही. म्हणून अमेरिकेच्या जुन्या आयएस-५४ मोबाइलमध्ये तो घेतला, ३० किलोहर्ट्झमध्ये ४८.६ किलोबिट, आणि पोलिसांच्या वगैरे वॉकीटॉकीसाठी जे टेट्रा आहे त्यात २५ किलोहर्ट्झमध्ये ३६ किलोबिट.

७. एमएसके हा एफएसके आहे का पीएसके? क्लासमध्ये दोन्ही सांगितलंय.

दोन्ही आहे, आणि मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दोन टोनमधलं अंतर बिट रेटच्या बरोबर निम्मं ठेवा (मॉड्युलेशन इंडेक्स ०.५) आणि फेज कुठंही तुटू देऊ नका, की एमएसके झाला. एका बिटमध्ये फेज ९० अंश पुढं किंवा मागं सरकते, उडी म्हणून नसतेच. आता तोच सिग्नल आय आणि क्यूमध्ये सोडवून बघा, तर तो ओक्यूपीएसके निघतो, फक्त चौकोनी पल्सच्या जागी अर्ध्या साइनचा पल्स. झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या रेडिओत स्टँडर्डमध्ये नाव ओक्यूपीएसके लिहिलंय पण पल्स अर्ध्या साइनचा आहे, म्हणजे हवेत जातो तो एमएसकेच. कागदावर हे एकदा हातानं काढा, चार-पाच बिट पुरे.

मेन लोब क्यूपीएसकेपेक्षा रुंद आहे, नल टू नल बिट रेटच्या १.५ पट, क्यूपीएसकेचा १ पट. पण साइडलोब फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घातानं पडतात, क्यूपीएसकेचे दुसऱ्या घातानं. म्हणून ९९ टक्के पट्टीनं एमएसके फक्त १.२ पट जागा घेतो.

८. जीएमएसकेमध्ये गॉसियन फिल्टर लावून मुद्दाम आयएसआय का आणतात? आयएसआय तर वाईट असतो ना?

आयएसआय म्हणजे एका सिम्बॉलचं शेजारच्यावर सांडणं. वाईट असतो, पण इथं तो ओळखीचा आहे. बिट आधी गॉसियन फिल्टरमधून गोल करून घेतले की स्पेक्ट्रम अजून आवळतो, बीटी (फिल्टरची बँडविड्थ गुणिले एका बिटचा वेळ) ०.२५ ठेवला तर ९९ टक्के बँडविड्थ १.२ वरून ०.८६ वर येते, आणि एन्व्हलप (ॲम्प्लिट्यूड) कॉन्स्टंट राहतो तो राहतोच, म्हणून मोबाइलमध्ये स्वस्त आणि कमी बॅटरी खाणारा ॲम्प्लिफायर चालतो. जपानच्या मुरोता आणि हिरादे यांचा यावरचा पेपर १९८१ चा आहे, पुढं जीएसएमनं बीटी ०.३ घेतला. एक बिट शेजारच्या बिटांवर सांडतो पण किती सांडतो हे आधीच माहिती आहे, म्हणून रिसिव्हर एकेक बिट न बघता पूर्ण ओळ बघून ठरवतो, व्हिटर्बी अल्गोरिदम लावून. जीएसएमच्या १४८ बिटांच्या बर्स्टमध्ये मधोमध २६ बिट ट्रेनिंगचे असतात, त्यावरून चॅनेल कसा वाकलाय ते कळतं आणि मग तोच व्हिटर्बी बिल्डिंगांवरून परत आलेले सिग्नल पण सोडवतो. ब्लूटूथमध्ये भाऊबंद आहे, जीएफएसके, बीटी ०.५.

९. मॅच्ड फिल्टर आणि कोरिलेटर यात बेटर कुठला?

मॅच्ड फिल्टर म्हणजे पल्सच्याच आकाराला जुळवलेला फिल्टर, कोरिलेटर म्हणजे त्याच पल्सनं गुणून बेरीज. सॅम्पल घ्यायच्या क्षणी दोघांचं उत्तर एकच येतं. बनवायला जो सोपा तो घ्या. फक्त रेज्ड कोसाइन वापरताना निम्मा ट्रान्समीटरला आणि निम्मा रिसिव्हरला, म्हणजे दोन्हीकडं रूट रेज्ड कोसाइन, हे विसरू नका, दर बॅचमध्ये दोघं-तिघं तरी दोन्हीकडं पूर्ण रेज्ड कोसाइन लावतात आणि आय डायग्राम (डोळ्यासारखा दिसणारा आलेख, आय-क्यूमधला आय नव्हे) का बंद व्हायलाय म्हणून विचारतात.

१०. कोहेरंट आणि नॉनकोहेरंटमध्ये किती फरक पडतो? आकड्यात सांगा.

कोहेरंट म्हणजे रिसिव्हरला कॅरियरची फेज माहिती असते, नॉनकोहेरंट म्हणजे नसते. परत दहाचा उणे पाचवा घात धरू. कोहेरंट बीपीएसके ९.६ डीबी, डीपीएसके (डिफरन्शियल, प्र. ११) १०.३. कोहेरंट एफएसके १२.६, नॉनकोहेरंट एफएसके १३.४. म्हणजे टू लेव्हलमध्ये कॅरियरची फेज माहिती नसल्याचा दंड एक डीबीपेक्षा पण कमी आहे, आणि त्या बदल्यात पूर्ण कॅरियर रिकव्हरीचं सर्किट वाचतं. डीक्यूपीएसकेला आलात की दंड २.३ डीबी होतो. आणि क्वॅम नॉनकोहेरंट करायच्या भानगडीत पडू नका, तिथं फेज आणि ॲम्प्लिट्यूड दोन्हीचा संदर्भ लागतोच, म्हणून फोरजी फाइव्हजीमध्ये जागोजागी पायलट (रिसिव्हरला आधीच माहिती असलेले) सिग्नल पेरलेले असतात.

११. डिफरन्शियल एन्कोडिंग आणि डिफरन्शियल डिटेक्शन एकच ना?

नाही! दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एन्कोडिंग ट्रान्समीटरमध्ये होतं, बिट फेजमध्ये न लिहिता फेजच्या बदलात लिहितो. रिसिव्हरमध्ये मग दोन रस्ते. एक, आधीच्या सिम्बॉललाच संदर्भ धरून तुलना करा, हे डिफरन्शियल डिटेक्शन, आधीचा सिम्बॉल पण नॉइजवाला असल्यानं नुकसान प्र. १० मधलं. दुसरा, कोस्टास लूपनं कॅरियर काढून कोहेरंट डिटेक्शन करा आणि नंतर बिट डिफरन्शियली सोडवा. कोस्टास लूपला बीपीएसकेमध्ये ० आणि १८० मधला फरक कळत नाही, क्यूपीएसकेमध्ये चार जागांपैकी कुठंही लॉक होतो, ती अडचण एन्कोडिंगनं सुटते. चुका साधारण दुप्पट होतात कारण एक चूक दोन बिट बिघडवते, पण डीबीत ते फक्त ०.३ च्या आसपास आहे.

१२. मॅटलॅबमध्ये माझा क्यूपीएसकेचा कर्व्ह बीपीएसकेपासून ३ डीबी लांब येतोय, प्र. ३ मध्ये तर तुम्ही सेम म्हणालात?

तुमच्या एक्स ॲक्सिसवर ईएस बाय एन नॉट आहे, म्हणजे सिम्बॉलची एनर्जी. क्यूपीएसकेमध्ये सिम्बॉलला २ बिट, दहा लॉग दोन म्हणजे बरोबर ३ डीबी. १६ क्वॅमला हाच फरक ६ डीबी येईल. आणि ओव्हरसॅम्पलिंग केलं असेल, समजा सिम्बॉलला ८ सॅम्पल, तर प्रत्येक सॅम्पलचा एसएनआर (नॉइजच्या मानानं सिग्नल) अजून ९ डीबीनं कमी ठेवावा लागतो. अजून एक, दहाचा उणे पाचवा घात बघायला १ लाख बिट पाठवून एक चूक मोजणं म्हणजे काहीच मोजलं नाही, निदान शंभर चुका दिसायला पाहिजेत, म्हणजे १ कोटी बिट. लॅपटॉप रात्रभर चालू द्या.

१३. गच्चीवर डोंगल लावून वेदर सॅटेलाइट घेतोय, सिग्नल मस्त दिसतोय पण कॉन्स्टेलेशन (आय-क्यू पॉइंटांचं चित्र) गोल फिरायलाय किंवा पॉइंट जास्तच दिसायलेत. काय करू?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो कारण इथं पुस्तक डोळ्यासमोर उघडतं. जुळे सोलापुरात एका विद्यार्थिनीच्या गच्चीवर आम्ही हेच करत होतो, मे महिना, फरशीला संध्याकाळी सातला पण हात लागत नव्हता. दोन ५३ सेंटीमीटरच्या रॉडचा व्ही आकाराचा अँटेना, साधा डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसिव्हर), आणि रशियाचा वेदर सॅटेलाइट मीटिओर १३७.९ मेगाहर्ट्झवर, सेकंदाला ७२ हजार सिम्बॉल. स्क्रीनवर चार ठिपक्यांच्या जागी एक भरीव कडं.

कारण एक, फ्रिक्वेन्सी ऑफसेट. सॅटेलाइट क्षितिजावरून वर येताना डॉपलरच ३ किलोहर्ट्झच्या घरात असतो. ७२ हजार सिम्बॉलला ३ हजार हर्ट्झ म्हणजे प्रत्येक सिम्बॉलला १५ अंश गिरकी, २४ सिम्बॉलमध्ये एक पूर्ण फेरी. वरून डोंगलचा क्रिस्टल स्वस्तातला असेल तर तो गरम झाल्यावर सरकतो, ५० पीपीएम (दहा लाखात ५०) चूक म्हणजे १३७.९ ला जवळजवळ ६.९ किलोहर्ट्झ. डोंगल सावलीत ठेवा, पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करून स्थिर होऊ द्या, पीपीएम करेक्शन घाला, मग लूपला पकडायला सोपं जातं.

कारण दोन मात्र भारी होतं. कडं गेलं, तरी चार ऐवजी सहा पुंजके, चार कोपऱ्यात आणि दोन मध्ये, क्यू शून्य असलेल्या ओळीवर. डिकोडरमध्ये क्यूपीएसके निवडलं होतं, २०१४ च्या मीटिओर एम एन २ साठी ते बरोबर होतं, पण नंतरचे एन २-३ आणि एन २-४ ओक्यूपीएसके पाठवतात. क्यू अर्धा सिम्बॉल सरकलेला (प्र. ६), म्हणजे आय ठीक ठिकाणी वाचला जात होता आणि क्यू नेमका बदलताना, अधिक एकवरून उणे एकला जाताना शून्यात सापडत होता. बऱ्याचदा अशा वेळी लूप लॉक पण होत नाही. सेटिंग बदललं आणि चार ठिपके बसले, आणि खाली ढगांची पट्टी ओळीओळीनं उतरायला लागली, त्या पोरीनं खालून आईला हाक मारून वर बोलावलं होतं ते अजून आठवतंय.

१४. आमच्या घरी पूर्व भागात खाली पॉवरलूम आहेत. माग चालू असले की एरर रेट थिअरीपेक्षा लई जास्त येतो, एसएनआर तर तेवढाच दिसतो.

थिअरीतला बीईआर गॉसियन नॉइज धरून काढलाय, मोटर आणि स्टार्टरच्या ठिणग्यांचा नॉइज तसा नसतो, तो झटक्याझटक्यानं येतो. सरासरी पॉवर तेवढीच असली तरी एक झटका सलग दहा-वीस सिम्बॉल खाऊन टाकतो. मॅच्ड फिल्टर बेस्ट आहे हे पण गॉसियनपुरतंच खरं, इथं तो झटक्याला उलट पसरवतो. म्हणून फिल्टरच्या आधी क्लिपिंग किंवा ब्लँकिंग करा, म्हणजे ठराविक उंचीच्या वरचे सॅम्पल कापा, आणि इंटरलीव्हर लावा म्हणजे सलग चुका विखुरतात. प्रोजेक्टला हाच विषय घ्या, रेकॉर्डिंग तुमच्या घरात फुकट मिळतंय.

१५. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत होम मैदानावर नेट का बसतं? फुल रेंज दाखवतो तरी. मॉड्युलेशनमुळं का?

थोडं मॉड्युलेशनमुळं, जास्त वाटणीमुळं. टॉवरची जागा सगळ्यांत वाटली जाते, माणसं वाढली की वाट्याला कमी येतं. आणि आजूबाजूचे टॉवर पण फुल चालल्यानं इंटरफेरन्स वाढतो, फोन टॉवरला सांगतो की क्वालिटी घसरलीय, टॉवर २५६ क्वॅमवरून ६४, १६, शेवटी क्यूपीएसकेवर उतरतो. ८ बिटांचा सिम्बॉल २ बिटांचा झाला. रेंजचे दांडे सिग्नल किती जोरात आहे ते दाखवतात, इंटरफेरन्सच्या मानानं किती जोरात आहे ते नाही.

१६. फेडिंग असेल तर हे सगळे ९.६ वगैरे आकडे चालतात का?

नाही चालत. रेली फेडिंगमध्ये (अनेक वाटांनी आलेले सिग्नल एकमेकांना मारतात आणि जोर वरखाली होतो) बीपीएसकेला त्याच एरर रेटला ४४ डीबी लागतात. हो, चव्वेचाळीस. तेवढी पॉवर कोणी देत नाही, म्हणून दोन अँटेना, कोडिंग, इंटरलीव्हिंग.

१७. शॅननच्या लिमिटपासून हे सगळे किती लांब आहेत? आणि ग्रे कोडिंग नेहमीच करायचं का?

शॅननची लिमिट म्हणजे चूक न होता पाठवायला कमीत कमी किती एनर्जी लागते ती हद्द. शॅननच्या १९४८ च्या सूत्रातून हर्ट्झला २ बिट पाठवायला निदान १.८ डीबी लागतात, ४ बिटांना ५.७, ६ बिटांना १०.२. आता क्यूपीएसके ९.६, १६ क्वॅम १३.४, ६४ क्वॅम साधारण १७.८. वजाबाकी करून बघा, प्रत्येक वेळी पावणेआठच्या आसपास येते. म्हणजे मॉड्युलेशन बदलून आपण त्याच रेषेला समांतर सरकतोय, अंतर कमी होत नाही, ते कमी करायचं काम कोडिंगचं.

आणि इथंच ग्रे कोडिंगचा अपवाद येतो. साध्या, कोडिंग नसलेल्या सिस्टीमला ग्रे कराच, शेजारी घसरलो तर एकच बिट चुकतो. पण उंगरबोकनं १९८२ मध्ये मांडलेल्या ट्रेलिस कोडेड मॉड्युलेशनमध्ये उलटं करतात: क्यूपीएसकेच्या २ बिटांना एक जादा बिट जोडून ८ पीएसके पाठवायचा, सिम्बॉल रेट तोच म्हणून जागा तेवढीच, आणि पॉइंटांना नंबर असे द्यायचे की प्रत्येक विभागणीत उरलेल्या पॉइंटांमधलं अंतर वाढत जाईल. नुसता ८ पीएसके क्यूपीएसकेपेक्षा वाईट (प्र. ५), तरी ४ स्टेटच्या साध्या ट्रेलिसनं पण तो साध्या क्यूपीएसकेपेक्षा ३ डीबीपर्यंत पुढं जातो. डिटेक्शन परत तोच व्हिटर्बी, प्र. ८ मधला, फक्त इथं ओळींमधलं अंतर बिटांच्या फरकानं न मोजता कॉन्स्टेलेशनवरच्या खऱ्या अंतरानं मोजायचं, म्हणून सिम्बॉलवर आधीच हार्ड डिसिजन घेऊन टाकलं की हा सगळा फायदा हातचा जातो.